कॅम्परच्या बैठकीतला बसलेला फोम बदलायचा कसा

कॅम्परमधल्या बैठकीला दोन पाळ्यांत काम असतं. दिवसा तिच्यावर चौघं बसून जेवतात, पोरं उड्या मारतात, बॅगा आदळतात. रात्री मधलं टेबल खाली उतरलं की तीच बैठक पलंग होते आणि दोन माणसं सात-आठ तास तिच्यावर पडून राहतात. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत फोम तापतो. पावसाळ्यात आंबोलीला किंवा ताम्हिणीला मुक्काम पडला की खालच्या फळीकडून ओल धरतो. घरच्या सोफ्यात वर्षानुवर्षं टिकणारा फोम गाडीत लवकर बसतो, त्याची कारणं ही.

ज्यांनी फोर्स ट्रॅव्हलर, ईको किंवा अशाच एखाद्या गाडीत कॅम्पर करून घेतला आहे किंवा वापरलेला घेतला आहे, आणि आजवर कधी फोम कापलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. काम अवघड नाही. माप आणि सामान हाताशी असेल तर एका शनिवार-रविवारात उरकतं. खरी कसोटी दुकानात फोम निवडताना लागते. तिथे अंगठ्याने दाबून "मस्त आहे" म्हणत घेतलेला फोम पुढच्या पावसाळ्यापर्यंत खळगे दाखवायला लागतो. म्हणून त्या भागावर मी जरा जास्त थांबणार आहे.

आधी बघा: दोष फोमचा की फळीचा?

सगळ्या गाद्या बाहेर काढा आणि सपाट फरशीवर मांडा. एकेका गादीवर गुडघा टेकवून वजन टाका. गुडघ्याला फरशी लागली तर फोम गेला. वजन काढल्यावर खळगा मिनिटभरात भरून आला नाही, तरीही गेला. खोळीची चेन उघडून आत हात घाला. फोम चुरगळून पिवळी पूड हाताला लागत असेल तर पुढची तपासणी करायची गरजच नाही.

नुसत्या पिवळेपणावरून मात्र फोम टाकून देऊ नका. हवा आणि उजेड लागला की पॉलियुरेथेन फोम पिवळा पडतोच. रंग गेला तरी उसळी शाबूत असू शकते. उलट दिसायला पांढराशुभ्र फोमही आतून मेलेला असतो, कारण त्याच्या बारीक पेशींच्या भिंती रोजच्या दाबाने तुटलेल्या असतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

आता बैठकीखालच्या रिकाम्या खोक्यावरच्या फळीवर बसा. मध्ये लवते का? बऱ्याच गाड्यांत वजन वाचवायला ९ मिलिमीटरचं प्लाय टाकलेलं असतं आणि खाली आधार फक्त कडेला असतो. अशा फळीवर कितीही चांगला फोम ठेवा, मध्यभागी खड्डा पडल्यासारखंच वाटणार. मधोमध एक आडवी पट्टी ठोकून घ्या किंवा १२ मिलिमीटरचं प्लाय टाका. पुष्कळदा निम्मी तक्रार इथेच मिटते.

या सीटला हात लावायचा नाही

ड्रायव्हरची सीट, शेजारची सीट आणि धावत्या गाडीत पट्टा लावून ज्यांवर माणसं बसतात त्या सगळ्या सीट या लेखातून वगळा. तिथल्या फोमची उंची आणि कडकपणा बदलला की पट्टा कमरेवर बसायच्या ऐवजी पोटावर चढतो, आणि अपघातात तोच पट्टा इजा करतो. शिवाय बैठकींची जागा किंवा संख्या बदलली तर गाडीची नोंदणी आणि मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) आड येतं. गाडी थांबल्यावर वापरायच्या सुट्या गाद्यांमधला फोम आणि खोळ बदलायला यातलं काही आड येत नाही.

माप जुन्या फोमचं घेऊ नका

जुना फोम आकसलेला असतो, कडा गोल झालेल्या असतात, कधी पहिल्याच कारागिराने तो तोकडा कापलेला असतो. माप फळीचं घ्यायचं. गाडीची बाजू सरळ उभी नसते, वर जाताना आत झुकते. मागच्या चाकावरचा उंचवटा एखादा कोपरा खातो. टेपने लांबी-रुंदी घेऊन कापलेला आयत अशा ठिकाणी बसत नाही. त्यासाठी खाकी कागद किंवा जुनी वर्तमानपत्रं चिकटवून मोठा ताव करा, फळीवर अंथरा, कडेने बोटाने दाबत घडी पाडा आणि घडीवर कापा. झाला साचा.

साच्यावर तिथल्या तिथे तीन गोष्टी लिहा: कुठली गादी (डावी मागची, उजवी पुढची), गाडीचं तोंड कुठे आहे त्याचा बाण, आणि "वरची बाजू". तिरप्या कोपऱ्याचा साचा दुकानात उलटा पडला तर गादी आरशातल्यासारखी उलटी कापली जाते, आणि कापलेल्या फोमला परत शिवता येत नाही.

जाडी ठरवण्याआधी टेबल लावून बसून बघा. बैठकीच्या वरच्या पातळीपासून टेबलाच्या वरच्या पातळीपर्यंत ११-१२ इंच अंतर असेल तर जेवायला बरं पडतं. जुना ४ इंची फोम दबून ३ इंचांवर आला असेल आणि तुम्ही हौसेने ६ इंची टाकलात, तर मांड्या टेबलाखाली अडकतील, पाय लोंबकळतील आणि रात्री डोकं वरच्या कपाटाला लागेल. बहुतेक कॅम्परना ४ इंच योग्य. जागा असेल तर ५.

रात्रीचा हिशेबही आत्ताच करा. पलंग करताना पाठीच्या गाद्या मधल्या टेबलावर येतात. बैठक ४ इंची आणि पाठ ३ इंची असेल तर झोपेत कमरेखाली एक इंचाची पायरी येते, आणि ती पायरी रात्रभर बोचत राहते. दोन्ही सारख्या जाडीच्या करा. पाठ जाड नकोच असेल तर टेबलाच्या कडेच्या टेकूला एक इंची पट्टी मारून टेबलच वर उचला.

डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे

दुकानदार "३२ घ्या, ४० घ्या" म्हणतो तो आकडा घनतेचा. ४० डेन्सिटी म्हणजे त्या फोमच्या एका घनमीटरचं वजन ४० किलो. फोम मऊ आहे की कडक, याच्याशी त्या आकड्याचा थेट संबंध नाही. ४० डेन्सिटीचा फोम लोण्यासारखा मऊही बनवतात आणि फळकुटासारखा टणकही. डेन्सिटी सांगते की फोममध्ये माल किती आहे, म्हणजेच तो किती काळ टिकेल. कडकपणा वेगळा मोजतात: फोम ठरावीक टक्के दाबायला किती जोर लागतो यावरून. आपल्याकडच्या किरकोळ दुकानात हा दुसरा आकडा सहसा कुणी सांगत नाही, म्हणून कडकपणा बसून तपासायचा आणि डेन्सिटी तोलून.

अमेरिकेत किंवा कॅनडात राहून आरव्ही, म्हणजे तिथला कॅम्पर, वापरणाऱ्या मराठी मंडळींना तिथे आकडा पौंड प्रति घनफूट असा मिळतो. त्याला १६ ने गुणलं की आपला आकडा येतो. २.५ पौंड म्हणजे आपला ४०. १.८ पौंड म्हणजे साधारण २९, आणि तो रोज झोपायच्या गादीसाठी मी घेणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे: दिवसा बसायचं आणि रात्री झोपायचं अशा गादीसाठी ४० च्या खाली उतरू नका. पाठीच्या गाद्यांना, त्या रात्री पलंगात येत नसतील तर, ३२ चालतो. २८ फक्त उशांना आणि लोडांना.

प्रकारांबद्दल थोडं. साध्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमपेक्षा एचआर (हाय रेझिलियन्स) फोम उसळी चांगली देतो. पोलादी गोळी त्यावर सोडली तर पडलेल्या उंचीच्या निम्म्याहून वर परत उडते. साध्या फोमवर ती त्याहून कमी उडते. गाडीच्या बैठकीला हाच गुण हवा, कारण माणूस उठला की गादीने लगेच पूर्ववत व्हायला पाहिजे. रीबॉन्डेड फोम म्हणजे फोमचे तुकडे दाबून, चिकटवून केलेला रंगीबेरंगी ठिपक्यांचा ठोकळा. तो टणक असतो, पटकन बसत नाही, आणि खालचा एक-दीड इंचाचा थर म्हणून उत्तम. संपूर्ण गादी त्याची करू नका. ६ फूट बाय साडेचार फुटांचा ४ इंची पलंग ४० च्या फोमचा केला तर साधारण १० किलो होतो, तोच १०० डेन्सिटीच्या रीबॉन्डेडचा केला तर २५ किलोंच्या वर जातो. घाट चढताना हे वजन गाडी ओढते, आणि रोज सकाळी गाद्या उचलताना तुमची पाठ.

मेमरी फोमची जाहिरात फार आहे. तो तापमानाप्रमाणे वागतो: थंडीत कडक होतो, उष्णतेत लिबलिबीत. डिसेंबरात स्पितीकडे गाडी नेलीत तर रात्री झोपताना दगडावर पडल्यासारखं वाटतं, आणि मे महिन्यात दुपारी त्यावर बसलं की माणूस खाली जातो. घ्यायचाच असेल तर वरचा एक इंच, त्याहून जास्त नाही. लेटेक्स छान, पण वजनदार आणि महाग, आणि ऊन व उष्णता त्याला मानवत नाही.

मी माझ्या गाडीत जी रचना ठेवली आहे ती अशी: खाली ३ इंच ४० डेन्सिटीचा टणक एचआर, त्यावर एक इंच त्याच डेन्सिटीचा मऊ फोम. खोळीची चेन मागच्या कडेच्या मधोमध लावलेली, म्हणजे गादी दोन्ही बाजूंनी वापरता येते. दिवसा टणक बाजू वर. लिहायला-वाचायला, जेवायला ती चांगली, आणि माणूस रुतत नाही. रात्री गादी पलटली की मऊ बाजू वर येते आणि कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याला जागा मिळते. एकाच गादीकडून दोन वेगळ्या अपेक्षा असतील तर तिला दोन बाजू देणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. साच्यावर "वरची बाजू" लिहिली असली तरी अशी पलटणारी गादी सरळ आयताकार असावी लागते. चाकाच्या उंचवट्याजवळच्या तिरप्या गादीला हे जमत नाही, तिथे मऊ बाजू कायम वरच ठेवा.

दुकानात तराजू मागा

आता मुख्य मुद्दा. "चाळीसचाच आहे साहेब" या शब्दांवर फोम घेऊ नका. पडताळणी सोपी आहे आणि एक आकडा लक्षात ठेवला की झालं: एक चौरस फूट, एक इंच जाड, ४० डेन्सिटीचा तुकडा साधारण ९४ ग्रॅम भरतो. ३२ चा भरतो ७५ ग्रॅम. २८ चा ६६.

यावरून पूर्ण शीटचं वजन काढा. ६ फूट बाय ३ फूट म्हणजे १८ चौरस फूट. ४ इंच जाड. १८ गुणिले ४ गुणिले ९४, म्हणजे जवळजवळ ६ किलो ८०० ग्रॅम. तीच शीट ३२ ची असेल तर ५ किलो ४०० च्या आसपास, २८ ची असेल तर पावणेपाच किलो. किराणा दुकानाच्या तराजूवरसुद्धा हा फरक लपत नाही. सामान तोलायचा हुकचा छोटा डिजिटल काटा मिळतो. फोम दोरीने बांधा आणि त्याला लटकवा. थोडंफार इकडेतिकडे चालतं, दहा टक्क्यांहून जास्त कमी भरला तर दुसरी शीट मागा. तोलण्याआधी टेपने जाडी मोजा, कारण ४ इंची म्हणून दिलेली शीट पावणेचारही असते आणि हिशेब खऱ्या जाडीवर करायचा.

दुकानदाराला हे आवडत नाही असं समजू नका. तोलून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला जाणकार दुकानदार आपणहून चांगला माल काढून देतो. किलोचा भाव काय पडतो तेही विचारा. शीटच्या भावात जी गंमत लपते ती किलोच्या भावात उघडी पडते.

एक सावधगिरी. काही स्वस्त फोममध्ये खडूच्या पुडीसारखा भराव मिसळून वजन वाढवलेलं असतं. असा फोम तराजूवर पास होतो. म्हणून कापलेल्या कडेवर काळं कापड घासा. पांढरी पूड लागली तर तो सोडा. मग तुकडा मुठीत घट्ट दाबून पटकन सोडा. चांगला एचआर फोम लगेच ताठ होतो, भरावाचा फोम रेंगाळतो.

शेवटी बसून बघा, तेही फोम जमिनीवर ठेवून. दुकानातल्या रचलेल्या शीटांच्या ढिगावर बसून काहीही कळत नाही, कारण खाली फूटभर फोम असतो. निवडलेले थर एकमेकांवर ठेवा, घरातल्या सर्वांत जड माणसाला पाच मिनिटं बसवा, आणि कुशीवर झोपणाऱ्याला कुशीवर झोपवून बघा. कमरेचं हाड जमिनीला लागतंय असं कुणी म्हटलं तर एक पायरी टणक घ्या. नवा फोम पहिल्या काही आठवड्यांत किंचित मऊ पडतोच, तेव्हा दुकानात थोडासा कडक वाटलेला पुढे बरोबर होतो.

आग लागण्याचा मुद्दाही इथेच काढा. पॉलियुरेथेन फोम पेट घेतो तेव्हा भराभर पेटतो आणि धूर विषारी असतो. शेगडी बैठकीपासून हातभर असणाऱ्या गाडीत हा विचार केलाच पाहिजे. सहजासहजी पेट न घेणारा फोम मिळतो का विचारा, मिळाला तर थोडे पैसे जास्त द्या, आणि अग्निशामक नळकांडं दाराजवळ ठेवा.

कापणं

दुकानात फोम कापायचं उभ्या पात्याचं मशीन असेल तर सरळ कापे तिथेच मारून घ्या. तिरपे कोपरे घरी.

किती मोठा कापायचा? खोळ जुनीच राहणार असेल तर तिचं शिवलेलं माप घ्या आणि फोम लांबी-रुंदीत अर्धा इंच मोठा ठेवा. म्हणजे खोळ तणावात राहते, सुरकुत्या पडत नाहीत. खालचा रीबॉन्डेड थर असेल तर तो मात्र नेमक्या मापाचा, कारण तो दबत नाही आणि खोळीची शिवण उसवतो. जाडीत काही वाढवू नका.

साचा फोमवर ठेवा, टाचण्या मारा, मार्करने हलकी रेघ ओढा. फिक्या रंगाच्या कापडाची खोळ असेल तर शाई वर उमटू शकते, म्हणून रेघ खालच्या बाजूला. कापायला पाव कापायची लांब दातेरी सुरी किंवा पातं पूर्ण बाहेर येणारा मोठा कटर. कात्री उपयोगाची नाही. ती फोम चिमटते आणि कड पायरीपायरीची येते.

हात कसा चालवायचा ते नीट वाचा, कारण सगळी सफाई त्यात आहे. फोम टेबलाच्या कडेबाहेर थोडा येऊ द्या. रेघेवर लाकडी पट्टी ठेवा पण दाबू नका. दाबलेला फोम कापताना सरळ वाटतो आणि सोडल्यावर कड आत वळलेली दिसते. पहिल्या फेरीत सुरी फक्त अर्धा-पाऊण इंच खोल, लांब लांब ओढीने, एकाच दिशेने. दुसऱ्या फेरीत त्याच चिरेत आणखी खोल. ४ इंच कापायला चार-पाच फेऱ्या लागल्या तर लागू द्या. सुरी कायम काटकोनात उभी आहे ना, हे शेजारी गुण्या ठेवून बघत राहा. पातं अडकायला लागलं तर त्यावर सिलिकॉनचा फवारा मारा, पाणी किंवा तेल नको.

समोरच्या कडेला, जिथे गुडघ्याच्या मागची बाजू टेकते, तिथला वरचा काठ एक इंच तिरपा तासून घ्या. एवढ्याने पाय बधिर होणं थांबतं. पलटून वापरायच्या गादीला दोन्ही बाजूंचा काठ थोडा थोडा तासा.

चिकटवणं

लाकडाला वापरतो तो पांढरा डिंक फोमला नको. वाळला की कडक पापुद्रा होतो, बसल्यावर जाणवतो आणि तडकतो. फोम-रेक्झिनला वापरतात ते रबराचं सोल्युशन घ्या, किंवा फोमसाठीचा स्प्रे. दोन्ही पृष्ठभागांवर पातळ हात मारा, बोटाला चिकटेल पण तार येणार नाही इतकं सुकू द्या, मग थर एकमेकांवर ठेवा. एका टोकाकडून सुरू करून हळूहळू टेकवत न्या, कारण एकदा चिकटलं की सुटत नाही. कडेला चार बोटं आणि मध्ये काही पट्टे एवढं पुरतं. सबंध पृष्ठभाग माखला तर हवा खेळायची बंद होते.

या सोल्युशनची वाफ पेटते आणि डोक्यात जाते. हे काम गाडीत करू नका. गच्चीवर किंवा अंगणात करा, जवळ शेगडी, उदबत्ती, विडी काही नको. चिकटवलेला फोम आणि नव्या फोमचा वास जायला दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवा. उन्हात नाही, ऊन फोमची कातडी कुरतडतं.

खोळ चढवताना

फोमवर थेट खोळ चढवू नका. मधे पॉलिएस्टर फायबरचा पातळ थर गुंडाळा. दुकानात रेक्रॉन शीट किंवा पॉलिफिल म्हणून मागा. त्याने कडा गोलसर भरतात, खोळ फोमवर घासत नाही, गादी रेडिमेडसारखी दिसते. त्याच्यावर नॉनवोव्हन कापडाची पातळ पिशवी शिवून घेतली तर खोळ धुवायला काढणं-घालणं फार सुखाचं होतं.

जुनी खोळ धुणार असाल तर थंड पाण्यात धुवा आणि माप धुतल्यावर घ्या. सुती कापड आटतं. नवी शिवणार असाल तर कापडाचा विचार हवेच्या दृष्टीने करा. रेक्झिन पुसायला सोपं, पण घामाने चिकटतं आणि हवा जाऊ देत नाही. त्यावर बसलं की आतली हवा शिवणीतून सुसकारा टाकत निघते आणि शिवण हळूहळू फाटते. रेक्झिनच हवं असेल तर मागच्या पट्टीत जाळीच्या दोन-तीन चकत्या बसवून घ्या, किंवा खालची बाजू कापडाची ठेवा. माझी पसंती जाड विणीच्या सोफ्याच्या कापडाला आहे, आणि चेन गादीच्या मागच्या पूर्ण लांबीची, कोपऱ्यातून तीन-चार इंच वळलेली. चेन आखूड ठेवून शिंपी पन्नास रुपये वाचवतो आणि तुम्ही दर वेळी नखं मोडता.

फोम आत घालायची युक्ती: जुन्या चादरीसारखी पातळ प्लास्टिकची मोठी पिशवी फोमवर चढवा, तोंडाशी व्हॅक्यूम क्लीनरची नळी धरून हवा ओढा. फोम चपटा होतो. तसाच खोळीत सरकवा, नळी काढा, फोम फुगत जाऊन कोपरे गाठतो, आणि मग पिशवी ओढून बाहेर घ्या. व्हॅक्यूम नसेल तर फोम वहीसारखा मिटून अर्धा आत ढकला, समोरचे दोन कोपरे आधी नीट बसवा आणि मग उलगडू द्या. कोपरे पोकळ राहिले तर मूठभर फायबर कोंबा. चेनचा रनर अडत असेल तर दातांवर मेणबत्ती घासा. ओढाताण करू नका, चेन तुटली तर खोळ पुन्हा शिंप्याकडे जाते.

फळीला श्वास द्या

इतकं सगळं करून गादी सपाट प्लायवर ठेवली तर पहिल्याच पावसाळ्यात तिच्या पोटाखाली काळे ठिपके येतील. झोपलेल्या माणसाच्या अंगातून रात्रभर वाफ निघते, ती फोममधून खाली उतरते आणि थंड फळीला भेटून पाणी होते. तिला बाहेर पडायला वाट हवी.

फळीत दर सहा इंचांवर एक इंचाची भोकं पाडा, होलसॉने अर्ध्या तासाचं काम आहे. भोकांच्या कडा काचकागदाने घासा आणि सगळ्या फळीला, भोकांच्या आतल्या कडांनासुद्धा, पॉलिश किंवा रंगाचे दोन हात द्या. उघडं प्लाय ओल पितं. त्यावर काथ्याची पातळ चटई किंवा जाळीदार स्पेसर अंथरा, म्हणजे गादी आणि फळीमध्ये हवेचा थर राहतो. खोक्यात पाण्याची टाकी असेल तर तिचं झाकण घट्ट बसतंय ना, तेही बघा. ओलीचा उगम कधी कधी तिथेच असतो.

सवयी दोन. सकाळी उठल्यावर पांघरूण काढून गाद्या तासभर उभ्या करून ठेवा. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, म्हणजे आपल्याकडे जून ते सप्टेंबर, तर गाद्या घरात आणा आणि कडेवर उभ्या ठेवा. एकावर एक रचून, वर सामान टाकून ठेवलेला फोम न वापरताच बसतो.

जुन्या फोमचं काय

जाळू नका, शेतात नाही आणि गच्चीवरही नाही. पीयू फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा वायू असतो. कोरडा आणि बुरशी नसलेला फोम काही गादीवाले आणि भंगारवाले घेतात, कारण रीबॉन्डेड फोम अशाच तुकड्यांतून बनतो. त्यातला बरा भाग कापून गुडघ्याखाली घ्यायला, चाक बदलताना जमिनीवर टाकायला किंवा भांडी खडखडू नयेत म्हणून कपाटात सारायला ठेवा. बुरशी लागलेला मात्र गाडीत परत आणू नका. तो पिशवीत बंद करून सुक्या कचऱ्यात द्या.